घुबडअस्वलाची काळी फर राखाडी दिसायलीय, काय करू?

डी२०_जुळेसोलापूर

नमस्कार मंडळी. डन्जन्स अँड ड्रॅगन्स या गेममधलं आऊलबेअर रंगवायला घेतलंय, टेबलवर मांडायची छोटी मूर्ती. घुबडाचं डोकं, अस्वलाचं धड, मागच्या दोन पायांवर उभं, पंजे वर काढलेले. रेझिन प्रिंट आहे, ५० मिमीच्या बेसवर. पुढच्या रविवारच्या सेशनला हे झाडीतून बाहेर येणार आहे, तोवर रंगून तयार पाहिजे.

आत्तापर्यंत झालेलं काम असं. गच्चीवर दुपारी काळा स्प्रे प्रायमर मारला. अंगावर कॅमलचा काळा ॲक्रिलिक लावला. मग काळ्यात पांढरा मिसळून ड्रायब्रश, म्हणजे जवळपास कोरडा ब्रश वरवर फिरवला. व्हिडिओत बघितलं तर केसांची टोकं कशी झक्क उठून येतात. माझं मात्र राखेत लोळलेलं कुत्रं दिसायलंय. वर बोट फिरवलं की खरखरीत लागतं. चेहरा, चोच आणि नखं अजून प्रायमरवरच आहेत, तिथं हात लावलेला नाही.

दुसरी कटकट म्हणजे रंग ब्रशवरच वाळतो. सोलापूरचा मे आहे, पारा ४२ च्या वर. कूलर समोर लावून बसलो तरी प्लेटमधल्या रंगावर बघता बघता साय धरते.

सगळं काढून पहिल्यापासून सुरू करू का? काळी फर काळीच ठेवून केस कसे दाखवायचे? आणि मूर्तीच्या रंगांच्या परदेशी बाटल्या घेतल्याशिवाय हे होतच नाही का? एका बाटलीच्या किमतीत कॅमलच्या ट्यूबा किती येतात ते तुम्हाला माहीतच आहे. होस्टेलवर राहतो, समजून घ्या.

एअरब्रश_कोथरूड

सरळ उपाय सांगतो. सगळीकडून काळा, मग फक्त वरून पांढरा फवारा, म्हणजे झेनिथल. उजेड वरून पडल्यासारखी सावली आपोआप तयार होते. त्यावर काँट्रास्ट किंवा स्पीडपेंट प्रकारातला काळा एकच हात. रंग खाचांत जाऊन बसतो, उंचवट्यावर पातळ राहतो. एका संध्याकाळीत मोकळा होशील.

आणि अस्वल काळं का रे? आऊलबेअर तपकिरी असतं. सगळ्या चित्रांत तपकिरीच आहे.

डी२०_जुळेसोलापूर

दादा, एअरब्रश आणि कॉम्प्रेसर असता तर इथं कशाला आलो असतो.

रंगाचं म्हणाल तर हा प्राणी कुठल्या पुराणातला नाही. डन्जन्स अँड ड्रॅगन्स आला १९७४ ला आणि हे जनावर त्याच्या पुरवणीत छापून आलं १९७५ ला. गेमच्या कर्त्यांतल्या गॅरी गायगॅक्सने हाँगकाँगच्या स्वस्त प्लॅस्टिक खेळण्यांच्या पिशवीतनं निघालेल्या एका विचित्र जनावरावरून ते उचललं. रस्ट मॉन्स्टर आणि बुलेट ही गेममधली दुसरी दोन जनावरंही तसल्याच खेळण्यांतून आलीत. जुन्या नियमांत याचा रंग काळपट तपकिरीपासून पिवळसर तपकिरीपर्यंत काहीही चालतो. टेबलचा डीएम, म्हणजे खेळ चालवणारा, मी आहे, मला काळंच पाहिजे.

आखणी_पूर्वभाग

काळंच कर. पण आधी प्रायमरचं बोलू, कारण तुझी राख तिथनं आलीय.

मेमधल्या दुपारी गच्चीवर स्प्रे मारला की थेंब डब्यातून निघून मूर्तीपर्यंत पोचेस्तोवर त्यातला थिनर हवेतच उडून जातो. थेंब ओला बसून पसरायला पाहिजे, तर इथं अर्धवट वाळलेला कण येऊन चिकटतो. असे कण अंगभर बसले की खरखर होते. त्याच्यावर तू ड्रायब्रश केलास. ड्रायब्रश काय करतो, जे वर आलंय त्याला रंग लावतो. केसाचं टोक कुठलं आणि प्रायमरचा कण कुठला हे त्याला कळत नाही, दोघांवरही करडा बसतो. त्यामुळं खरखर आणि राख या तुझ्या दोन अडचणी धरू नकोस, एकच आहे.

आमचा गणपतीचा कारखाना आहे, मी आखणी करते, म्हणजे मूर्तीचे डोळे रेखते. उन्हाळ्यात भर दुपारी आमच्याकडे स्प्रे गनला कुणी हात लावत नाही. बॉडीकलर पहाटे मारायचा, नाहीतर दिवस कलल्यावर. तुझ्या डब्यालाही हेच लागू. रात्रभर डबा घरात सावलीला ठेव, सकाळी उजाडलं की मार. अंतर वीस-पंचवीस सेंटिमीटर. फवारा मूर्तीच्या बाहेर सुरू करायचा, वरून न्यायचा आणि पलीकडे बाहेर सोडायचा. मूर्तीवर रोखून धरायचा नाही. आणि डबा गच्चीवर उन्हात विसरून खाली येऊ नकोस, आत प्रेशर असतं.

आता सगळं काढायचं का. माझ्या मते नको. स्प्रे प्रायमर रेझिनला घट्ट धरून बसतो. तो सुटावा म्हणून आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये फार वेळ बुडवून ठेवलंस तर आधी ती बारीक नखं मऊ पडतील. केसांच्या भागावर थोडी खरखर खपते, केस शेवटी खरखरीतच असतात. खपत नाही ती चोचीवर, नखांवर आणि चेहऱ्याच्या ताटलीवर.

कोरड्या टूथब्रशने आधी अंग झाड, सुटे कण निघून जातील. मग गाडी रंगवणाऱ्यांचा वॉटर पेपर आण, हजार नंबर किंवा त्याहून बारीक. बोटभर तुकडा पाण्यात भिजवून फक्त चोच, नखं आणि चेहरा हलक्या हाताने घास. कोरडं घासायचं नाही, रेझिनची धूळ छातीत जाणं वाईट. तोंडाला मास्क बांध, नंतर तो गाळ पुसून कचऱ्यात टाक, बेसिनमध्ये सोडू नकोस. घासताना खालचं रेझिन उघडं पडलं तर तेवढ्यावर ब्रशने प्रायमर लाव.

एक विचारायचं राहिलं. रेझिन हाताला चिकट लागत होतं का? लागत असेल तर ते पुरतं क्युअर, म्हणजे उजेडानं पक्कं, झालेलं नव्हतं आणि वरचं सगळं उद्या सोलून निघेल. पुढच्या वेळी प्रायमरच्या आधी अल्कोहोलने धुवायचं, वाळवायचं आणि उन्हात ठेवायचं. यूव्ही दिवा विकत घ्यायची गरज नाही, आपल्याकडं तो फुकट आहे. फक्त कुरडया घातल्यागत दिवसभर ठेवू नकोस. ऊन जास्त झालं की रेझिन ठिसूळ होतं, कानाची टोकं हातात येतात.

डी२०_जुळेसोलापूर

ताई, चिकट नव्हतं, कडक होतं. टूथब्रश फिरवला, निम्मी राख खरंच गेली! आता फरचं सांगा.

आखणी_पूर्वभाग

चार ट्यूबा पुरतात. काळा, बर्न्ट अंबर म्हणजे गडद तपकिरी, यलो ऑकर म्हणजे मातकट पिवळा, आणि पांढरा. पांढरा चेहऱ्यासाठी, तो आत्ता उचलून बाजूला ठेव. काळ्या फरला तो लागता कामा नये.

काळ्यात पांढरा घातला की जो करडा होतो तो थंड, निळसर असतो. केसाला तो रंग लागला की केस वाळलेला, धूळ बसलेला वाटतो. काळा उजळायचा तर तपकिरीने उजळायचा.

पहिला हात, काळा दोन भाग आणि अंबर एक भाग, पातळ, सगळ्या अंगाला. आधीचा करडा त्याच्याखाली झाकून जाईल आणि प्रायमरचे उरलेले कणही बसतील. एका हातात झाकलं नाही तर दुसरा पातळ हात दे, जाड लेप नको.

दुसरा हात, अंबर वाढवून निम्मं निम्मं कर. हा सगळीकडं लावायचा नाही. मूर्ती दिव्याखाली धर आणि बघ उजेड कुठं पडतो. खांदे, पाठीचा वरचा भाग, दंड, मांडीचा वरचा फुगवटा. तेवढ्यावरच. पोट, काखा, मांड्यांच्या आतली बाजू काळीच राहू दे. ब्रश केसाच्या दिशेने ओढायचा, मुळाकडून टोकाकडे, आणि टोकाला उचलायचा. प्रिंटवर केसांचे झुपके कोरलेले असतील. एकेक केस रंगवत बसू नकोस, एका झुपक्याला दोन-तीन रेघा बास.

तिसरा हात, अंबरमध्ये थोडा ऑकर. फक्त झुपक्यांच्या टोकांना. इथं ब्रशवर रंग कमी पाहिजे, टिश्यूला एकदा टेकवून घे. हा रंग ट्यूबमधून बघशील तेव्हा भलताच पिवळट वाटेल. घाबरू नकोस, काळ्याच्या शेजारी तो नुसता ऊन पडलेला केस दिसतो.

शेवटी काळ्यात भरपूर पाणी घालून झुपक्यांच्या मधल्या खाचांतून एकदा फिरव. थेंब साचला तर कोरड्या ब्रशने टिपून घे. यानं वरचे तिन्ही हात एकमेकांत मुरतात.

मधूनमधून मूर्ती हाताच्या अंतरावर धरून बघ. तुमच्या टेबलवर पोरं तेवढ्याच अंतरावरून बघणार. नाकाला लावून बघितलं तर कुठलीच मूर्ती चांगली दिसत नाही, आमच्या गणपतीचंही तेच.

नमुना म्हणून आपलं अस्वल बघ. विलायती तपकिरी अस्वल डोक्यातून काढ. आपलं काळं, केस लांब आणि विस्कटलेले, नखं लांब पांढुरकी, छातीवर फिकट व्ही. तो व्ही तू रंगवच. एवढ्या मोठ्या काळ्या धडावर नजर टेकायला एक जागा पाहिजे.

बार्बेरियन_बंड्या

काय बे. म्हणजे रविवारी घुबडअस्वल येणार तर.

डी२०_जुळेसोलापूर

अबे तू इथं काय करायलास!! बाहेर निघ. आणि ग्रुपवर टाकलास तर रविवारी दोन येतील.

बार्बेरियन_बंड्या

दोन रंगवून होतात का बघू आधी.

आखणी_पूर्वभाग

बंड्या, त्याला काम करू दे.

रंग वाळतो त्याचं सांगायचं राहिलं. पहिली गोष्ट, कूलर तुझ्यावर असू दे, रंगावर नको. वारा प्लेटवरनं जातो म्हणून साय धरते. तोंड फिरव त्याचं.

दुसरी गोष्ट, वेट पॅलेट. विकत घेऊ नकोस. झाकणाचा चपटा डबा घे, तळाला भांडी पुसायचा स्पंज कापड पसर, ते भिजेल एवढं पाणी घाल, वर बेकिंगचा कागद. नुसता बटर पेपर माग म्हटलं की दुकानदार मेणाचा देतो, त्यातनं पाणी वर येत नाही. थेंब टाकून बघ, कागद खालून ओलावला पाहिजे. कागदावर रंग काढला की खालचा ओलावा त्याला धरून ठेवतो. उठताना झाकण लाव. आपल्या उन्हाळ्यात तेही सुकतं, मग कडेनं पाणी घालत राहायचं. चार दिवसांनी वास मारायला लागतो, त्यासाठी स्पंजखाली तांब्याचा तुकडा टाकतात. मी सरळ स्पंज धुऊन टाकते.

पाणी फिल्टरचं घे. बोअरचं पाणी वापरलंस तर त्या शेवटच्या पातळ काळ्या हाताला वाळल्यावर पांढरी कड येईल, क्षारांची.

कॅमलचा ट्यूबमधला रंग घट्ट असतो, कॅनव्हाससाठी केलेला. तसाच लावला तर केस बुजतात. पाणी घालून कागदाच्या कडेला एक रेघ ओढून बघ. रेघ सलग आली आणि ब्रशचे ओरखडे राहिले नाहीत म्हणजे झालं. रेघेच्या कडा पाझरून पसरायला लागल्या तर पाणी जास्त झालं. नुसत्या पाण्यापेक्षा थोडं मॅट मीडियम, म्हणजे रंगात मिसळायचं बिनचमकीचं द्रव, घातलं तर रंग फाटत नाही. एवढी एक बाटली घे. त्या परदेशी बाटल्यांत रंगाची भुकटी बारीक दळलेली असते, पातळ हातात त्या जास्त झाकतात, हे खरं आहे. पांढऱ्यात फरक जाणवतो. काळ्या-तपकिरीत कॅमल चालतो.

ब्रश शून्य-शून्य-शून्य घेतलायस का? बहुतेक सगळे तोच घेतात. त्याच्या पोटात रंग राहतच नाही, मूर्तीपर्यंत जाईस्तोवर वाळतो. एक नंबरचा घे, टोक चांगलं असलेला. बारीक रेघ टोकानं येते, जाडीनं नाही. आणि टोक करायला ब्रश तोंडात घालायची सवय असेल तर सोड. कॅडमियमवाले रंग असतात.

एअरब्रश_कोथरूड

ताईंचं बरोबर आहे, पण एवढ्या वेळात मी पाच मूर्ती संपवल्या असत्या. टेबलवर पंधरा गॉब्लिन, म्हणजे किरकोळ राक्षस, उतरवायचे असतील तर ही पद्धत परवडत नाही.

आखणी_पूर्वभाग

गॉब्लिन असते तर मीही तुमचीच बाटली वापरली असती. हे एकटंच जनावर आहे, सगळ्यांची नजर त्याच्यावर. आणि पातळ बाटलीतला रंग खरखरीत प्रायमरवर कसा बसतो बघितलंय का? प्रत्येक कणाभोवती गोळा होतो, ठिपके ठिपके दिसतात. त्याची राख गेली असती आणि देवी आल्या असत्या.

एअरब्रश_कोथरूड

हे मान्य.

नान्नजचा_माळ

पक्षी बघतो, गेममधलं काही कळत नाही, मेव्हण्यानं लिंक पाठवली म्हणून आलो. धड अस्वलाचं ठरलंय, पण घुबड कुठलं? घुबडांत लई फरक आहे.

शिंगाळं घुबड घेतलं तर अंगावर तपकिरी, पिवळट, काळ्या रेघांची गिचमिड, डोळे नारिंगी, डोक्यावर दोन तुरे. काळ्या अंगावर ते सगळं मिसळून जाईल. गव्हाणी घुबड घ्या. जुन्या वाड्यांत, बंद गिरण्यांत राहतं ते. चेहरा पत्त्यातल्या बदामाच्या आकाराचा, पांढरा, भोवती बारीक तपकिरी कड. डोळे काळेभोर, बुबुळाचा वेगळा रंग दिसतच नाही. चोच फिकट, जराशी गुलाबी झाक. डोक्यावरून मानेपर्यंत सोनेरी आणि राखाडी, त्यात बारीक ठिपके. अंधारात ते तोंड समोर आलं तर नुसतं पांढरं काहीतरी हललेलं दिसतं. लोक त्याला भुताचं म्हणतात ते उगीच नाही.

तुमच्या मूर्तीला डोक्यावर तुरे आहेत का ते आधी बघा. गव्हाणीला तुरे नसतात.

डी२०_जुळेसोलापूर

तुरे नाहीत! कान आहेत, पण अस्वलाचे, गोल. भारी, गव्हाणीच करतो. ताई, पांढरा चेहरा काळ्या प्रायमरवर कसा चढवू? आणि जिथं पिसं संपून केस सुरू होतात ती मानेची रेघ माझ्याकडनं अगदी कॉलर घातल्यागत येईल असं वाटतंय.

आखणी_पूर्वभाग

माळवाल्यांनी मोठं काम केलं तुझं. डोळे काळे म्हणजे बुबुळ, बाहुली, नजर कुठं लागली, दोन्ही सारखे झाले का, ही सगळी भानगड गेली. आखणीत माणसाचा जीव जातो तो तिथंच.

काळ्यावर थेट पांढरा लावलास तर तो वाळून खडूसारखा दिसेल आणि तरी झाकणार नाही. आधी पांढऱ्यात थोडं अंबर घालून मातकट करडा कर. घाबरू नकोस, हा करडा वेगळा, यात काळा नाही. चेहऱ्याची अख्खी ताटली त्यानं भर. दोन पातळ हात लागतील, पहिला पूर्ण वाळू दे, सोलापुरात त्याला काय वेळ लागतो. मग पांढऱ्यात किंचित ऑकर, हस्तिदंती. हा डोळ्यांच्या खोबणीतून बाहेरच्या कडेकडे ओढायचा, पिसं जशी पसरतात तसा. कडेपर्यंत न्यायचा नाही, जरा मातकट शिल्लक ठेवायचा. नुसता पांढरा सगळ्यात शेवटी आणि अगदी दोन ठिकाणी, डोळ्यांच्या वरची जी उभार कड चोचीकडे उतरते तिथं आणि गालाच्या फुगीर भागावर. बाहेरची बदामी कड अंबरने, एक नंबरच्या टोकानं, तुटक तुटक. सलग ओढलीस तर चष्मा दिसेल.

डोळे भरताना श्वास सोडून मग ब्रश टेकव, आणि दोन्ही मनगटं टेबलाला लावून एकमेकांना टेकव. हात हवेत असला की कुणाचाही थरथरतो. डोळा पूर्ण काळा. वाळल्यावर वरच्या कोपऱ्यात पांढऱ्याचा एकच ठिपका, ब्रशनं नको, टाचणीच्या टोकानं दे. दोन्ही डोळ्यांत तो एकाच बाजूला पाहिजे. एक डावीकडे आणि एक उजवीकडे आला की जनावर चकणं.

मानेची रेघ. रेघ म्हणून ती रंगवूच नकोस. पिसांचा सोनेरी रंग, म्हणजे ऑकर आणि थोडं अंबर, खाली केसांच्या भागात दोन-तीन झुपक्यांवर उतरू दे. आणि केसांचा काळा-तपकिरी वर पिसांच्या फटींत चढू दे. दोन्ही रंग एकमेकांच्या हद्दीत जरा घुसले की कॉलर मोडते. समोरच्या बाजूला छातीचा व्ही त्याच हस्तिदंतीनं कर, नुसत्या पांढऱ्यानं नको. त्याची टोकं गालाखालून सुरू झाली तर चेहरा आणि छाती आपोआप जोडली जातात आणि समोरनं तुझी मान दिसतच नाही.

टॉवेल_अक्कलकोटरोड

बेससाठी सुचवतो. मुरूम चहाच्या गाळणीनं चाळून घे, जुन्या तव्यावर जरा भाज म्हणजे ओल आणि किडे जातात. फेविकॉलमध्ये थोडं पाणी घालून बेसला लाव, वर मुरूम दाब. रंगवायलासुद्धा नको, आपल्या मातीचा रंग तयारच असतो, खाचांत अंबर सोडला की बास.

वाळलेल्या गवतासाठी बाजारातले टफ्ट, म्हणजे तयार झुपके, घेऊ नकोस. आमच्याकडं टॉवेलचं सूत वेस्टेजमध्ये पडलेलं असतं, कोरं, न रंगवलेलं. जुड्या करून पातळ फेविकॉलमध्ये बुडव, ताणून वाळव, मग अर्ध्या सेंटिमीटरचे तुकडे काप आणि उभे चिकटव. वरनं ऑकर. फेविकॉलमध्ये बुडवलं नाही तर पिंजून कापूस होतो. पाहिजे तर ये, मूठभर देतो.

नान्नजचा_माळ

गवत आखूड ठेवा, आपल्या माळावर मेमध्ये घोट्याच्या वर गवत नसतं. आणि खरं सांगायचं तर माळावर अस्वलही नसतं, लांडगा असतो. पण ते तुमचं तुम्ही बघा.

डी२०_जुळेसोलापूर

गोष्टीत हे जादूगारानं पळवून आणलेलं जनावर आहे, त्यामुळं चालतंय. दादा, सूत घ्यायला येतो उद्या.

अंग आणि मान झाली. चेहऱ्याचा हस्तिदंती हातही झाला. खरंच उठून दिसतंय, रूममेट म्हणाला बघतंय बे माझ्याकडं. शेवटचं विचारतो, वॉर्निश लागतं का? आमच्याकडं पोरं वेफर्स खाल्लेल्या हातानं उचलतात.

आखणी_पूर्वभाग

लागतंच. मॅट स्प्रे, तोही पहाटे, प्रायमरसारखाच पातळ, अंतरावरून. आधी बेसच्या खालच्या बाजूवर मारून बघ. तिथं पांढरी भुकटी आली तर हवा अजून तापलेली आहे, दुसऱ्या दिवशी मार. पावसाळ्यात उलटं होतं, दमटपणानं धुरकट पडदा येतो, तेव्हा त्या दिवसांत तर अजिबात घाई नको. मूर्तीवर पातळ दोन वेळा मारायचं, मधे वाळू द्यायचं.

मॅटनं अंग, पिसं, बेस सगळं सपाट होईल आणि तुझे डोळेही मरतील. म्हणून ते वाळल्यावर ग्लॉस वॉर्निशचा एकेक थेंब दोन्ही डोळ्यांवर ब्रशनं ठेव. चोचीला आणि नखांना थोडा, अर्धवट. ओठ नसले तरी चोचीच्या आतली कड जरा ओली दिसू दे.

सूत वॉर्निशनंतर चिकटव, आधी नाही. स्प्रेनं ते दबतं.

बार्बेरियन_बंड्या

किती एचपी, म्हणजे किती मार खाऊन मरतंय, तेवढं सांग बे.

डी२०_जुळेसोलापूर

रविवारी मोज.